तालमीचा कट्टा

मंगळवार, १४ मार्च १९७२

बैठकीहून आलो तरी डोकं भणभणतंय. गेल्या आठवड्यात आमचा बंब बोळाच्या तोंडाशी तालमीच्या कट्ट्याला अडला, आणि आतला शिंपी दुकानातच जळून गेला. अग्निशमनाचा प्रमुख म्हणून मी नगरपालिकेच्या समितीपुढं दोनच उपाय ठेवले. बोळात शिरेल असा छोटा बंब घ्या, नाहीतर कट्टा फोडा. छोटा बंब परवडत नाही म्हणाले. मग कट्टा? त्याला चार मजूर पुरे. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "साहेब, तालमीला हात लावला की पुढच्या इलेक्शनला आम्ही घरात बसायचं!"

ठरलं काय, तर लांब पाइप घ्यायचा. स्वस्तात सुटले. तो पसरेपर्यंत आतलं माणूस राहील का, हे मी का नाही विचारलं?

येताना मुद्दाम बोळावरून आलो. कट्ट्याला ताजा गेरू लावलाय, बंबाचा ओरखडासुद्धा दिसत नाही. शिंप्याचा भाऊ तिथंच बसला होता, डोक्याचं मुंडण केलेला. सरकून त्यानं मला जागा दिली.

"साहेब, कट्टा फोडणार न्हाय न्हवं? आमच्या आज्ज्यानं बांधलाय ह्यो."

नाही, म्हणालो. आणि बसलो.