खिडकीतला एक्स-रे

७ जुलै

दोन्ही मेडिकल कॉलेजांत नंबर लागतोय! मोठ्याने ओरडावंसं वाटलं. घरात कोणी नव्हतं, बाबा त्यांच्या शिवणाच्या दुकानात. मग खिडकीलाच सांगून टाकलं.

लांबचं कॉलेज मोठं. रेडिऑलॉजीचा विभाग म्हणे अख्खा मजलाभर! जवळचं घरापासून चालत जाण्याइतकं. पंधरवड्यात एक निवडायचं.

८ जुलै

शेजारच्या काकू येऊन गेल्या. "रेडिऑलॉजी? म्हणजे दिवसभर अंधारात एक्स-रे बघत बसायचं? माणसांशी बोलायलाच नको!"

तोच तर फायदा आहे, काकू! म्हटलं नाही अर्थात. आमच्या घरात बोलायची सवयच गेली आहे. आई गेली तेव्हा मी रांगत होते. तिचा एकही फोटो घरात नाही. तिचं नाव काढलं की बाबा उठून जातात. दिवसभर शिवतात, घरी आले की गुमान जेवतात.

आणि हे वेड लागलं ते खिडकीमुळे. माझ्या पलंगाजवळचं एक तावदान फुटलेलं होतं. तिथे बाबांनी जुना छातीचा एक्स-रे कापून बसवला. सकाळी ऊन आलं की फासळ्या उजळतात. लहानपणी मी विचारायचे, "कोणाच्या?" तर बाबा म्हणायचे, "माझ्या. झोप आता." आपल्या बापाच्या फासळ्या मोजत मोठी झालेली मी एकटीच असेन.

११ जुलै

लांबचं कॉलेज बघून आले. विभाग थंडगार, सगळीकडे स्क्रीन. आत जायला मनाई, काचेतून बघायचं. एक डॉक्टर चहाला बाहेर आले तेव्हा धीर करून विचारलं, "आत्ता बघत होतात तो पेशंट कोण होता?"

"कोण का असेना! नंबर असतो ना."

जाम आवडलं मला. नाव नाही, गाव नाही, चौकशा नाहीत. हेच हवंय.

परतीच्या बसमध्ये मात्र शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामीच राहिली आणि उगाच रडू आलं. मूर्ख!

१२ जुलै

वरच्या मजल्यावरची ताई डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती हसलीच. "अगं, रेडिऑलॉजी नंतरची गोष्ट. आधी सगळं शिकायचं, मग पुन्हा परीक्षा. मशिनं बघून कॉलेज निवडतात का? पेशंट भरपूर येतात का ते बघ. आणि कोणी तुला जवळ बसवून शिकवतं का, ते."

जवळच्यात रेडिऑलॉजी म्हणजे काय, एक खोली आणि एक मॅडम. ठरलं. लांबचंच! इथे मागे राहतंय कोण? बाबा आणि त्यांची मशीन. दोघांचंही माझ्यावाचून काही अडत नाही.

१३ जुलै

बाबांना सांगितलं, लांबचं घेते. "बरं," म्हणाले. बस्स.

१६ जुलै

बाबांचा खोकला काही जाईना. ओढतच जवळच्या कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. मॅडमनी मला आत बोलावलं. उजव्या बाजूला एक ठिपका, मटाराएवढा.

"घाबरू नकोस. जुना डागही असू शकतो. आधीचा एक्स-रे आहे का? शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

आहे की! खिडकीत!

बाबा म्हणाले, "राहू दे तो." वाटेत पुन्हा म्हणाले, "राहू दे ना." मला राग आला. स्वतःच्या जिवाचं काही पडलेलंच नाही या माणसाला!

१७ जुलै

बाबा दुकानात गेल्यावर पट्ट्या उचकटून एक्स-रे काढला आणि तडक मॅडमकडे. त्यांनी तो उजेडावर लावला.

"कोणाचा आहे?"

"बाबांचा."

"नाव कुठाय?"

नाव असतं तो कोपराच नव्हता. कात्रीने सरळ कापलेला. बाबांचाच हात, शंका नाही.

"वडिलांचा नाही हा. बाईचा आहे." मॅडमनी बोटाने स्तनांच्या फिकट सावल्या दाखवल्या. इतकी वर्षं रोज बघत होते! दिसलंच नाही! मग त्या फुप्फुसांकडे बघत राहिल्या. खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. हळूच विचारलं, "आता कशा आहेत या?"

रडले, त्यांच्यासमोरच. त्यांनी पाणी दिलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी मी उठेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

बाबांचा तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा. तेव्हा कळेल. तोवर काही नाही.

१८ जुलै

जवळचं कॉलेज घेतलं.

एक्स-रे परत बसवला. पट्ट्या ठोकताना बाबांनी दाबून धरला होता. ते आपणहून म्हणाले, "तिचे बाकी फोटो बघवेनात. हा काढवेना. तू हिच्याकडे तोंड करून झोपायचीस."

शेवटची पट्टी ठोकून झाल्यावर म्हणाले, "तू वाचायला लागलीस ना, तेव्हा नाव कापलं."