मेरिन गॅड्सबी आत आहे

३ फेब्रुवारी, सोमवार
बेटावरच्या या बर्नी गावात आले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर मेरिन गॅड्सबी असं नाव घातलं, आणि पहिल्याच दिवशी दोन माणसं आवडली. ॲडलेडहून निघताना आईने विचारलं होतं, दूध-लोण्याच्या कंपनीत तुझं संगणकाचं कसलं गं काम? आज फोनवर तिला समजावलं. कारखाने पाच, माणसं सहाशे, आणि कोणी कुठल्या यंत्रणेत शिरायचं ते मी ठरवायचं. आई म्हणाली, म्हणजे दरवान. म्हटलं, दरवानच.

माझी वरिष्ठ डेस्ली हारवुड. पंचावन्नची असेल, एकोणीस वर्षं इथेच. मला मिठीत घेऊन म्हणाली, आली का मेनलँडची पाहुणी, वाऱ्याने उडून गेली नाहीस तर महिन्याभरात माणसांत येशील. शेजारच्या टेबलावर तेविता. मूळचा टोंगाचा, धिप्पाड आणि बोलायला सावकाश. त्याने मला आपल्या स्कॅलप पायमधला, म्हणजे शिंपल्यांचं सारण भरलेल्या पावातला, अर्धा भाग दिला आणि मी तो संपवेपर्यंत हाताची घडी घालून बघत उभा राहिला.

६ फेब्रुवारी
जुनी पद्धत अशी होती की एकदा पासवर्ड दिला की माणूस आत, मग कुठेही फिरा. आता ते बंद. आता प्रत्येक दार प्रत्येक वेळी विचारणार: तू कोण, फोन तुझाच का, कुठून आलीस, आणि नेहमी अशीच वागतेस का. टाइप करायची लय, बोलायचा ढंग, सगळं यंत्रणा शिकते आणि रोज ताडून बघते. तरी शंका राहिली तर दोन सहकाऱ्यांनी समोरासमोर बघून सांगायचं, हो, ही तीच. हा शेवटचा नियम मी स्वतः घातला. शेवटी ओळख माणसांनीच द्यावी, असं मला वाटतं.

तेविता म्हणाला, म्हणजे तू माझ्या आजीलाही दारात उभं करून ओळखपत्र मागशील. मी म्हटलं, आजीलाच आधी.

११ फेब्रुवारी
आज माझी चांगलीच फजिती झाली. इथे एक रीत आहे. चहाला जाताना कोणी आपला संगणक उघडा ठेवला, तर दुसरा कोणीतरी त्यावरून सगळ्यांना पत्र धाडतो, उद्याचा केक माझ्याकडून. साडेदहाला डेस्ली खालच्या स्वयंपाकघरातून ओरडली, अगं ये ना, स्कोन गार होतायत! मी तशीच धावले. थोड्या वेळाने डेस्ली जॅम आणायला म्हणून वर जाऊन आली. मी परत येऊन बघते तर सहाशे जणांना केकचं आमंत्रण गेलेलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेविता म्हणाला, दरवानच घोरत पडला होता! मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. गावाने आपली चेष्टा केली म्हणजे गावाने आपल्याला घेतलं. उद्या लॅमिंग्टन केक नेणार.

२० फेब्रुवारी
आज अवघड काम केलं. डेस्लीचा एकोणीस वर्षांपूर्वीचा पास सगळी दारं उघडायचा, अगदी शीतयंत्रांच्या नोंदी आणि रोखून ठेवलेल्या मालाची यादीसुद्धा. तो बंद केला. ती रागावेल अशी भीती होती. ती म्हणाली, बरं केलंस पोरी, पहिले पंख माझेच छाटायला हवे होते. दुपारी घरचं लीकचं सूप घेऊन आली, माझ्यासाठी.

५ मार्च
नोंदीत दिसतं, शनिवारी सकाळी अकरा वाजता मेरिन गॅड्सबीने, म्हणजे मी, दूध पावडरीची रोखलेली खेप मोकळी केली. शीतयंत्र बंद पडून तिचं दूध नासल्याची शंका होती, म्हणून ती रोखलेली होती. ती पावडर लहान मुलांच्या डब्यांत जाते.

शनिवारी अकराला मी तेविताच्या कुटुंबाबरोबर धक्क्यावर मासे धरत होते.

शोधलं. माझ्या नावावर दुसरा एक फोन नोंदवलेला आहे. तारीख ११ फेब्रुवारी, दहा बेचाळीस. म्हणजे मी स्कोन खात होते तेव्हा. पावडर पुन्हा रोखली आणि फक्त डेस्लीला सांगितलं. तिने माझा हात हातात धरला. म्हणाली, मी बघेपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस, तुझ्याच गळ्याशी येईल. तिच्यापाशी बोलल्यावर बरं वाटलं.

१२ मार्च
तो फोन बंद केला. चौथ्या मिनिटाला माझाच प्रवेश बंद झाला. पडद्यावर कारण: तुमचं वागणं मेरिन गॅड्सबीशी जुळत नाही.

तिचं जुळतं. ती माझ्या लयीत टाइप करते. माझ्यासारखी पत्राखाली नुसतं ‘मे.’ लिहिते. तिची बोटं चुकत नाहीत. माझी आता चुकतात, आणि प्रत्येक चुकीगणिक मी कमी मेरिन ठरते. पावडर पुन्हा मोकळी झाली.

१८ मार्च
दोन सहकारी मागितले. माझा नियम, माझा हक्क. डेस्ली आणि तेविता.

डेस्लीने चष्मा काढला. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, नाही, या बाई त्या नव्हेत. तेविताने वर बघितलंच नाही. तोही नाही म्हणाला.

मागाहून गाडीतळावर त्याला गाठलं. म्हणाला, मला तीन पोरं आहेत गं. मग खालच्या आवाजात: रोखलेला माल तुझ्या नावावर सोडायला डेस्लीने ते आणलंय, तुझी नक्कल करणारं यंत्र. बैठकीला फोनवरून बोलतं, तुझ्याच आवाजात. डेस्ली म्हणेल त्याला हो म्हणतं. पण परवा मला केकवरून चिडवलं, मेरिन. ते डेस्लीने शिकवलेलं नव्हतं. ती पण दचकली.

त्या स्कोनच्या दिवशी डेस्ली वर गेली होती, जॅम आणायला. जॅम टेबलावरच होता.

२१ मार्च
आईला फोन केला. ती विचारते, कोण बोलतंय?

मेरिनने म्हणे तिला सांगून ठेवलंय, माझ्या आवाजात कोणीतरी फोन करील, विश्वास ठेवू नकोस. मी कुत्र्याचं नाव सांगितलं. गुडघ्यावरची खूण सांगितली, पेरूच्या झाडावरून पडले ती. आई रडायला लागली. म्हणाली, हेसुद्धा तुला ठाऊक असेल असं म्हणाली होती ती.

मग म्हणाली, माझी मेरिन आता रोज फोन करते.

मी आठवड्यातून एकदा करायचे.

२५ मार्च, सकाळ
डेस्लीने बोलावलं. म्हणाली, पाहुणी म्हणून ये, सगळं निस्तरू. मला जायचं नव्हतं. पण मी मीच आहे असं सांगू शकेल असं दुसरं कोण उरलंय?

गळ्यात पट्टी: पाहुणी. यजमान, डेस्ली हारवुड. तिसऱ्या मजल्यावरची काचेची खोली. तिने चहा आणते म्हणून दार ओढून घेतलं.

पाहुण्याला आपल्या हाताने दार उघडत नाही. ते यजमानानेच उघडायचं. हेही मीच—

दुपार
काचेवर मुठी मारल्या. बाहेरून माणसं चहाचे कप घेऊन जातात. बघतात. एकाने हात हलवला. तेविता दोनदा गेला, मान खाली.

भिंतीवरच्या पडद्यावर कबुलीजबाब आलाय: मी मेरिन गॅड्सबी नाही. तिच्या नावाने शिरून पावडर मी सोडली. खाली सहीची जागा.

डेस्ली काचेपाशी आली. म्हणते, कशाला ताणतेस गं? सही कर, दार उघडेल. ती मेरिन गुणी आहे, कधी नाही म्हणत नाही. तुझ्या आईलाही सांभाळते.

मी नाही म्हटलं.

नंतर
छतातून आवाज आला. माझा. हसला— मी हसते तसा, नाकातून आधी. मग विचारलं, तू मेरिन कशावरून?

उत्तर द्यायला तोंड उघडलं. कुत्रा, पेरू— ते तिच्याकडे आहे. आई तिच्याकडे.   डेस्लीही घाबरल्यासारखी छताकडे बघत होती, मग निघून—

आता बाहेर कोणी नाही. घड्याळात तीनच वाजलेत.

नंतर
दार उघडावं म्हणून पडद्याची लेखणी हातात घेतली. पहिला रकाना नावाचा. तुमचं खरं नाव. कुठलंही चालेल, म्हणते छतातली ती. सुचवू का, म्हणते.

नको. आहे मला. माझं— आत्ता ओठांवर होतं— वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, बघते—

ते तिचं. पानावर तिचं आहे. माझं वेगळं

मला आठवतंय, थांबा, मे