ओडेटच्या लॉगिनमधून

प्रिय ओडेट,

तुझ्या नाताळच्या कार्डाला उत्तर द्यायला मार्च उजाडला. टूसॉनच्या उन्हात उभी राहून तू आम्हा गोठलेल्यांना वाकुल्या दाखवतेस, हे शोभतं का तुला? इथे सरोवर अजून ढिम्म आहे, माझ्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, आणि पंधरा दिवसांनी मी निवृत्त होतोय.

मत्स्य केंद्रात स्टर्जन माशांच्या नोंदी ठेवायची आपली ती संगणकावरची काळी खिडकी अजून तशीच आहे. नवी मंडळी माउसने टिचक्या मारतात. मी आपला एकेक आज्ञा हाताने टाइप करत बसतो. वरिष्ठ मी, पण शिकवलंस तूच. काही पुसायच्या आधी किती नोंदी जाणार ते मोजून बघायचं, आणि सुरुवातीला 'बिगिन' लिहायचं, म्हणजे चुकलं तरी मागे घेता येतं. मी मान डोलवायचो आणि घाईत विसरायचो. तू मला म्हातारा बोका म्हणायचीस, तेव्हा मी जेमतेम पन्नाशीत होतो.

लोइस शेवटपर्यंत तुझी आठवण काढायची. त्या आजारपणानंतर तिला आणखी बारा वर्षं मिळाली. ती कुणामुळे मिळाली, हे मी नवरा असून तिला कधीच सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघांनीही कधी लिहिलं नाही. आज लिहितो. तू कॉफी आणायला गेली होतीस. माझ्या पासवर्डची मुदत संपली होती; एवढं एक काम उरकावं म्हणून मी तुझ्या खुर्चीत, तुझ्या उघड्या लॉगिनवर बसलो. एका माशाची नोंद दोनदा पडली होती, त्यातली एक पुसायची होती. कोणता मासा, ही अट दुसऱ्या ओळीत लिहायची होती. पण बोटांना सवय. पहिल्याच ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला, म्हणजे आज्ञा संपली, आणि एंटर दाबलं. 'बिगिन' अर्थातच लिहिलं नव्हतं. उत्तर आलं: डिलीट ४१२०६. तीस वर्षांत टॅग लावलेला एकूण एक मासा गेला. बॅकअपचं काम माझ्याकडे होतं. तो रोज व्हायचा; पण डिस्क भरल्यामुळे सात महिने नुसत्या रिकाम्या फायली बनत होत्या. तो परत भरून बघायची तसदी मी एकदाही घेतली नव्हती.

तू दोन कप घेऊन दारात उभी होतीस. माझ्या चेहऱ्यावरूनच तुला सगळं कळलं. कोणी काय केलं याच्या लॉगमध्ये तुझं नाव होतं. लोइसची केमो निम्म्यावर होती. माझी नोकरी गेली असती तर विमाही गेला असता. तू कप खाली ठेवलेस आणि हळूच म्हणालीस, "व्हर्न, ऊठ माझ्या खुर्चीतून. आधी लोइसचं बघ." शुक्रवारी तू सामान खोक्यात भरून निघून गेलीस.

बोटीवरच्या भिजक्या वह्यांवरून आम्ही निम्म्या नोंदी परत भरल्या. आता तुला माहीत नाही ते सांगतो. इथे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावतात, "ओडेट करू नकोस." चौदा वर्षं हे चाललंय. सगळे हसतात. मीही हसत आलो.

मंगळवारी एक नवी मुलगी रुजू झाली. तिने विचारलं, ओडेट म्हणजे कोण? कुणीतरी सांगितलं, होती एक बेफिकीर बाई. मला ते ऐकवलं नाही. ती आज्ञा मी दिली होती, हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि संचालकबाईंना लेखी दिलं. त्या तुला पत्र पाठवणार आहेत. ते कोरडं सरकारी पत्र तुझ्या हाती पडायच्या आत माझं पडावं, म्हणून ही धडपड. मला कुणी काही केलं नाही, ओडेट. पेन्शनलाही धक्का नाही. लोइसला जाऊन दोन वर्षं झाली, विम्याची सबब तेव्हाच संपली होती. तरी मी गप्प बसलो, आणि गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खरं बोललो. म्हणून आभाराचं कार्ड तेवढं पाठवू नकोस.

तुझाच,
व्हर्न