तिसऱ्या खड्ड्यातलं कलम

बाबा, तुमच्या नावाची पाटी लागते आहे. धाकट्याने गावच्या घराच्या पडवीला लाद्या बसवल्या, मागच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी रंगवून घेतल्या, आणि आता कलमांच्या बागेच्या तोंडाशी त्याला जांभ्याच्या खांबावर पाटी हवी आहे. परवा फोनवर म्हणाला, "ताई, तू मास्तरीण. चार ओळी तूच लिहून दे. बाबांनी उघड्या कातळावर बाग उभी केली, असं काहीतरी जोरदार. लोक फोटो काढतात गं." मी बरं म्हटलं आणि कागद घेऊन बसले. चार दिवस झाले, चार ओळी होत नाहीत. 'उभी केली' या शब्दांशी पेन थांबतं आणि माझं डोकं फिरतं. म्हणून त्या ओळी बाजूला ठेवून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही जाऊन तेवीस वर्षं झाली. मध्येच बोलून मला गप्प करायची सोय आता तुमच्याकडे नाही.

लावली तुम्हीच, ते कोण नाकारतंय? पण कधी लावलीत? ऐन मे महिन्यात, कारण मुंबईच्या कंपनीत तुमची मोठी रजा मे महिन्यात मंजूर व्हायची. मातीला काय हवं, आभाळात काय आहे, याच्याशी त्या कलमांचा काही संबंध नव्हता. ती रजेच्या अर्जावर लागली. कातळात सुरुंग लावून सात खड्डे फोडलेत, ते मातीने भरून घेतलेत, एसटीच्या टपावरून हापूसची सात कलमं आणलीत. शेजारचे काका कुंपणापलीकडून म्हणाले, "अरे, पाऊस लागू दे की. मिरग झाला की लाव." तुम्ही हसलात. "पाऊस लागेपर्यंत कंपनी माझी वाट बघेल काय?" आणि चौथ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात एसटीत बसून गेलात. कलमं उन्हात उभी, विहीर खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, आणि मध्ये ती चढण. चढणीवर हंडा घेऊन आई, आणि तिच्यामागे कळशी घेऊन अकरा वर्षांची मी. जांभा इतका तापलेला असायचा की आम्ही थोडं पाणी आधी आपल्याच पायांवर ओतायचो आणि मग पुढचं पाऊल टाकायचो.

तुमची पोस्टकार्डं यायची. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी पडवीत उभी राहून तिला मोठ्याने वाचून दाखवायचे. "कलमांना रोज पाणी घालणे. हयगय करू नये." 'रोज' या शब्दाखाली दोन रेघा. तिचे गुडघे, तिची कंबर, घरात चूल कशी पेटते आहे, यावर अवाक्षर नाही. आई शांतपणे ऐकायची आणि मी कार्ड तारेला अडकवलं की म्हणायची, "रोज कशाला? आदी बोट घालून बगायचा." मग ती आपलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून दाखवायची. वल लागली तर पाणी नाही, कोरडं लागलं तर घालायचं. प्रत्येक कलमाशेजारी तिने बुडाला भोक पडलेलं एकेक मडकं पुरलं होतं. भोकात चिंधी कोंबलेली. मडकं भरलं की पाणी तीन-चार दिवस मुळाशी झिरपत राहायचं. ऐनाचा पाला पसरून वर दगड ठेवायची, पण बुंध्यापासून वीतभर लांब. "नायतर वाळवी लागल." यातलं काय होतं तुमच्या कार्डात? पुढे कलमं धरायला लागली, तेव्हा मुंबईच्या मित्रांना ती मडकी दाखवत तुम्ही सांगितलंत, "पाण्याची बचत म्हणून आम्ही हे असं केलंय." आम्ही! आई चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होती. मी पुढे तीस वर्षं शाळेच्या भिंतीवर 'झाडे लावा, झाडे जगवा' रंगवून घेतलं, आणि दर वेळी मनात यायचं की यातला पहिला अर्धा भाग बाबांचा, दुसरा आईचा, आणि फोटो मात्र पहिल्याचेच निघतात.

मी आता साठी ओलांडली. मांडवीच्या समुद्राजवळ तिसऱ्या मजल्यावर राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर गॅलरीत कुंड्या मांडल्या. हसू नका. बागेला पाणी वाहण्यात जिचं लहानपण गेलं ती बाई भेंडीच्या दोन रोपांपुढे साफ नवशिकी ठरली. फोनवर बागकामाचा एक ग्रुप आहे. तिथे सगळे सांगतात, रोपांना सकाळचं कोवळं ऊन द्या. कोवळं ऊन आणू कुठून? सकाळी आठला कुंडीला हात लावला तर चटका बसतो, आणि दुपारी समुद्रावरचा खारा वारा पानांच्या कडा करपवून जातो. हिरवी जाळी बांधली, ती उडून खालच्यांच्या गॅलरीत गेली. पावसाचं तर बोलायलाच नको. यंदा मे अर्धा सरला नाही तोच कोसळला आणि माझी मिरचीची रोपं कुजली. मग ऐन मिरगात आभाळ कोरडं ठणठणीत. शहाण्यासारखी वाट बघत बसलेले सगळे फसले. तुम्ही असतात तर मिशीत हसून म्हणाला असतात, बघा, मे महिनाच बरोबर होता. नुसत्या कल्पनेनेही माझा संताप होतो. आभाळ बिघडलं म्हणून तुम्ही शहाणे ठरायचे!

आणि तरी माझी रोपं उन्हाने मरत नाहीत, बाबा, ती पाण्यात बुडून मरतात. माती ओली असली तरी मी घालतच राहते. खालच्या वहिनी वर बघून ओरडतात, "ताई, माझ्या पापडांवर पानी पडतंय हो!" बोट घालून बघायचं मला कुणी शिकवायला नको, पण माझा हात आधी तांब्याकडेच जातो. का जातो, ते मला नीट ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल. धाकटा आईच्या पोटात, सातवा महिना. सुईणीने तिला चढण बंद सांगितली आणि पाण्याचं काम माझ्या एकटीवर आलं. तिसरा खड्डा आठवतो? मधला कातळ फुटला नाही म्हणून तेवढा तो एकच तुम्ही वर सरकवलात, वाटेपासून सगळ्यांत लांब. माझी परीक्षा संपलेली, मैत्रिणी करवंदांना निघालेल्या. मी वळणावरच कळशी ओतून द्यायचे. एक दिवस, दुसरा दिवस, मग रोजच. आई पडवीतून विचारते, "वरच्याला घातलंस काय गो?" मी म्हणते, "घातलं." तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून, थांबत थांबत वर गेली. परत आली. चुलीपुढे बसली तेव्हा तिचं बोट मला दिसलं. दुसऱ्या पेरापर्यंत नुसती तांबडी धूळ, ओल्या मातीचा एक कण चिकटलेला नाही.

आणि तुम्ही आलात. बॅग ठेवली न ठेवलीत तोच वर गेलात आणि ती वाळकी काठी उपटून अंगणात आणून टाकलीत. काका, काकू, शेजारपाजारच्या दोन बाया, सगळे होते. "सातातलं एक जगवता आलं नाय तुला? मग पोर काय जगवशील?" सात महिने भरलेली बाई समोर उभी, आणि तुम्ही हे बोललात. लाज कशी नाही वाटली, बाबा? तिने जगवलेली सहा तुम्हाला दिसली नाहीत, वाळलेलं एक मात्र लगेच दिसलं. आई एवढंच म्हणाली, "ऊन लय झाला यंदा." वाकायला होत नव्हतं तरी वाकली, ती काठी उचलली आणि सरपणात नेऊन ठेवली. मी दाराआड होते. दाराआडच राहिले.

आज शेवटी धाकट्याला दोनच ओळी पाठवल्या. ही कलमं आमच्या बाबांनी लावली. ती आमच्या आईने जगवली. त्याचा लगेच फोन आला. "चारच्या दोनच केल्यास? असू दे, बरी वाटतात. फक्त आकडा सहा लिहू की सात? सातवं उन्हाने गेलं ना? आई नेहमी सांगायची." नेहमी सांगायची. पोटात असताना ज्याच्यावरून तुम्ही तिला बोललात, त्यालाही तिने शेवटपर्यंत उन्हाचंच नाव सांगितलं. मी म्हटलं, "सहा लिही," आणि फोन ठेवला.

तुम्ही बोललात ते वाक्य तुमचंच आहे. ते मी माझ्या डोक्यावर घेणार नाही, आणि माझा राग काही आज उतरलेला नाही. पण कलम मी मारलं. पन्नास वर्षं तुमच्यावर संतापायला बरं पडलं, कारण तेवढा वेळ माझ्याकडे बघावं लागलं नाही. हे पत्र खरं तर आईला लिहायचं होतं. पण तिला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे, आणि हे मला तिच्यासमोर उभं राहून वाचता आलं नसतं.