मधला हिरा हलत नाही

बुधवार, संध्याकाळ. नेवासा.

सासूबाईंची जुनी सात हिऱ्यांची अंगठी लेकीच्या साखरपुड्यासाठी उजळायला टाकली होती, ती आज आणली. सोनाराने न विचारताच मधला सैल हिरा घट्ट बसवला. वर म्हणतो, “ताई, नव्यासारखी केली बघा!” पण सासूबाईंना आता दिसत नाही. त्या अंगठ्याने तो हलणारा हिरा चाचपतात, मगच अंगठी आपली म्हणतात. ही माझी नाही म्हणाल्या तर? मी बदलली असं वाटलं तर? आधीच सांगावं का? की ती सारवासारव वाटेल?

मघाशी आतून हाक आली, “सूनबाई, आली का गं माझी अंगठी?”

“उद्या देतो म्हणालाय,” मी खोटंच बोलले.

तेव्हापासून मीच तो मधला हिरा अंगठ्याने ढकलून बघतेय.