दम सोडायचा नाही

वेंगुर्ले,
ता. १२ फेब्रुवारी १९६२

ती. स्व. आबांचे सेवेशी, बालके संपतचा शि. सा. न. वि. वि.

मी आणि इनुस खुशाल पोचलो. इनुसला बोटीवर माझा दोर धरायचं काम मिळालं. शिरूरच्या विहिरींवर धरायचा तेच, फक्त इथे त्याला उलट्या होतात आणि मी हसलो की तो शिव्या देतो.

ज्यातला माल वर काढायचा ते जहाज दीडशे वर्षांपूर्वीचं, शिडाचं. खडकावर आपटून फुटलं आणि चाळीस फूट पाण्यात आडवं पडलं. पोटात चिनी मातीच्या बशा अजून शाबूत आहेत. म्युझियमचे एक साहेब आलेत, ते बशी हातात घेतली की जेवण विसरतात.

आमच्या पाठीवर हवेच्या टाक्या आणि तोंडात नळी असते. शिकवणाऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की वर येताना दम धरायचा नाही, श्वास सोडत सोडत यायचं. टाकीतली हवा खाली छातीत भरली की वर येताना ती फुगते म्हणे. मला हसूच आलं. पाण्यात दम सोडला म्हणून लहानपणी तुमच्या हातचा मार खाल्लेला माणूस मी.

खरं सांगायचं तर इथे जीव घुसमटतो. विहिरीत मान वर केली की आभाळ दिसतं. जहाजाच्या पोटात शिरलं की वर फळ्याच फळ्या. पण मे अखेरपर्यंत काम सोडणार नाही असा कागद करून दिलाय, आता इलाज नाही. तुमच्या कमरेला शेक चालू ठेवा. ताईला म्हणावं, हंगाम संपला की मी आलोच, मग तिनं दौंडला आपल्या घरी जावं. पत्री आशीर्वाद असावा.

आपला,
संपत

शिरूर,
ता. २४ फेब्रुवारी १९६२

चि. संपत यास धुरपदाचे अ. उ. आ.

तुझं पत्र आबांना दोनदा वाचून दाखवलं. विहिरीत पडून कमर मोडल्याला सहा महिने झाले, बाजेवरून हलता येत नाही, पण जिभेला काही झालेलं नाही. मी सांगतो तसंच लिही म्हणाले, म्हणून लिहिते. त्यांचं म्हणणं, त्या साहेबाला काय ठावं हाय. यंत्राचा भरवसा धरू नगंस. हवा तुटली तर छाती भरून घ्यायची, तोंड मिटायचं आन् वर यायचं. दम सोडला तो मेला. तुला माझ्या गळ्याची आण हाय.

मी म्हटलं, आण कशाला घालता, तो माणूस शिकलेला आहे. तर माझ्यावरच उखडले, की तू कवा उतरली व्हतीस इहिरीत. मग मी मुकाट्यानं लिहिलं. बाजेवरच्या माणसाशी किती भांडायचं?

आता माझं. तुझ्या दाजींचं कार्ड आलं. रेल्वेच्या चाळीत स्वतः भाकरी थापून खातायत. पावसाच्या आत आली नाहीस तर मी दुसरी सोय बघतो, असं लिहिलंय. दुसरी सोय म्हणजे काय ते मला कळतं. पण आबांना उचलायला, कुशीवर वळवायला माणूस लागतं. तू आल्याशिवाय माझा इथून पाय निघत नाही. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसले आहे रे. जपून राहा, उन्हात हिंडू नको.

तुझी,
धुरपदाताई

वेंगुर्ले,
ता. २ एप्रिल १९६२

सौ. धुरपदाताईंस इनुसचा सलाम वि. वि.

हे पत्र एकट्यानं वाचा. खुदाच्या मेहरबानीनं संपत जिवंत आहे. सरकारी दवाखान्यात आहे.

गुरुवारी तो जहाजाच्या पोटात असताना वरची कुजकी तुळई खाली आली आणि तो आत अडकला. वीस मिनिटं धडपडून सुटला, तोवर टाकी संपत आलेली. शेवटची हवा छातीत भरली, तोंड घट्ट मिटलं आणि सरळ वर आला. मी त्याला बोटीत ओढला तर तोंडातून रक्त. छाती आतून फाटली, असं डॉक्टर म्हणाले. श्वास सोडत आला असता तर काही झालं नसतं. मी त्याला विचारलं, साहेबांचं कसं विसरलास? तो म्हणाला, आबांची आण होती.

आता जन्मात पाण्यात उतरायचं नाही आणि जड उचलायचं नाही. आबांना यातलं काही कळू देऊ नका, असं त्यानं विनवलंय. दम धरला म्हणूनच वाचलो, असं सांगा म्हणतो. मला पटत नाही, पण मित्राचा निरोप आहे, पोचवला. तुम्हीच काय ते ठरवा. घरच्या वडीलधाऱ्यांना सलाम सांगावा.

आपला,
इनुस

शिरूर,
ता. १६ एप्रिल १९६२

चि. संपत यास धुरपदाचे अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं आबांना सांगितलं. दम धरला म्हणून वाचला, म्हटलं. आठ दिवस आबा नुसते फुलले होते. येईल त्याला बाजेजवळ बसवून सांगायचे, की माझ्या शब्दावर पोरगं मरणातून वर आलं. मी चुलीपाशी बसून ऐकायची. खोटं मीच बोलले होते, आता त्यातून बाहेर कुठून पडणार?

काल केंदूरचा भैरू आला. तोही आबांच्याच हाताखाली विहिरीत उतरायला शिकलेला. तुझ्या जागी त्याला बोलावणं आलंय. आबा त्याला सांगू लागले, साहेब काय बी म्हनू दे, तू दम सोडू नगंस. मला राहवलं नाही. इनुसचं पत्र काढलं आणि दोघांपुढं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रागावलास तर रागाव.

आबांनी पत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. मग भैरूला म्हणाले, म्या माझ्या पोराची छाती फोडली, तू साहेबाचं ऐक. पुढं मला लिहायला सांगितलं, ते असं. संपत, घरी ये. तुला मला तोंड दाखवायची लाज वाटत आसंल, तर मला तुझ्याहून जास्त वाटतीया. तवा तूच आधी ये.

तेव्हा तू ये. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, नुसतं बसून राहा. आबांना उचलायचं मीच करीन. दौंडला आज तसं कळवलं. ह्या पावसाच्या आत नाही, आणि पुढच्याही नाही. तुमची सोय तुम्ही बघा, असं लिहिलं. पत्र पेटीत टाकून आले आणि पोटभर रडले. मग आबांनी हाक मारली, पाठ फार दुखत होती म्हणून. त्यांना कुशीवर वळवलं.

माया पातळ करू नकोस.

तुझी,
धुरपदाताई