सगळ्यांच्या आया पेपर वाचत व्हत्या

बाई,

शुद्धलेखन चुकलं तर पोटात घाला. मी हे बारामतीत टायपिंगच्या क्लासला बसून लिहितीय, आन माजी बोटं लय सावकाश चालत्यात. एक अक्षर घावतंय तवर मनातलं वाक्य पुढं निघून जातंय.

सातवीत तुमी इंग्रजीत आईवर दहा ओळी लिहायला दिल्या व्हत्या. कऱ्हाटीच्या शाळंत गाईड एकच, ते सगळ्यांच्या हातनं फिरलं. गाईडातली आई सकाळी कॉफी करती आन पेपर वाचती. मग काय, सगळ्या वर्गाच्या आया पेपर वाचाया लागल्या. तुमी मलाच उभं केलं. "काय गं, तुझी आई पेपर वाचते?" मागनं एक पोरगा वरडला, "बाई, तिची आय मेंढरास्नी वाचून दावती!" सगळी हासली. तुमी बी हासला. दुसऱ्या दिवसापास्नं मी शाळंत आलेच न्हाय. मेंढरांमागं जाईन पर शाळंत न्हाय, असं घरी सांगून टाकलं.

मग तुमी वस्तीवर आला. आई मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खूण करतीय. तुमी इचारता, "हे कशाला हो?" आई म्हणती, "आवो बाई, दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात आलं तर कुणाचं त्ये कळाया नगं? न्हायतर चोरीच की." तुमी माज्याकडं बघता. "ऐकलंस? गाईडातलं वाक्य घेतलंस तर त्याला खूण कर, कुठलं ते सांग. आणि आपलं लिहायचं तर आधी वाच, पुस्तक मिट, मराठीत सांगून बघ, मग इंग्रजीत लिही. चुकू दे." जाताना हळूच म्हणला, "मी हसायला नको होतं." बाई असं म्हणत्यात, हे मला ठावंच नव्हतं.

मी आले. परत लिहिलं, गाईडातल्या ओळींना लाल पेन्सिलीनं खूण केली. सगळं पान लाल! एकच ओळ कोरी, आई आवाज देती आन सगळी मेंढरं येत्यात, तेवढी माजी. तुमी ती मोठ्यानं वाचली. "हे कुठल्याच गाईडात नाही," म्हणला. कुणी हासलं न्हाय.

पुढच्या वर्षी शाळा लांबची, माजी सुटलीच. तुमी तर त्याच्या आधीच बदली हून गेला, कुठल्या गावाला ते कळलंच न्हाय. परवा इथल्या सरांनी पुस्तकातला नोकरीचा इंग्रजी अर्ज टाईप कराया दिला. पुस्तकातल्या अर्जात बी. ए. लिहिलेलं, मग सगळ्या पोरी बी. ए. झाल्या. मी पुस्तक मिटलं, ओठातल्या ओठात मराठीत बोलले, मग लिहिलं, मी शाळा सोडलीय, हात सावकाश हाय, पर चुकलेलं परत नव्यानं करती. सर म्हणले, "कुठनं उतरवलंस?" "न्हाय सर, माजंच हाय." माजा आवाज मलाच मोठा वाटला. सर म्हणले, "मग जागा निघालीय तिथं हाच पाठव."

पाठवला. पर रीत तुमची हाय, हे सरांस्नी सांगाया तोंड उघडलं न्हाय. म्हणून हे तुमाला लिहितीय. टाकायचं कुठं, पिशवीतच ठिवती.

आन व्हय, आमच्या वस्तीवर काल पयला फोन बसलाय. वस्तीवरच्या म्हाताऱ्या आबांनी त्याला हार घातलाय, पर उचलू कुणाला देत न्हाईत.